दाराची उंची

फोनवर त्याचं एकच म्हणणं:
दार उंच घे.
खिडक्या तुझ्या मनाने, चुलीचं मासेचाबाला विचार,
पण दार उंच. मला ताठ आत यायचंय.

सत्तावीस वर्षं वेल्कोमच्या खाणीत
गुडघ्यांवर, कोपरांवर, कधी नुसतं पोटावर सरपटत
ज्याने दुसऱ्यांचं सोनं काढलं,
त्याच्याशी गवंड्याने काय वाद घालायचा?
तरी घातला.
म्हटलं, मोत्लात्सी, मालुती डोंगरावरचा वारा विसरलास?
जूनमध्ये तोही ताठच चालत येतो.
बापजाद्यांनी दारं बुटकी ठेवली
ती काही दगड कमी पडले म्हणून नव्हे.
तो खोकला. बराच वेळ खोकला.
मग म्हणाला, किती वाढतील पैसे?

दगड ओढ्यापलीकडच्या कड्यातून काढले.
बैलांनी ओढून आणले, त्यात एक बैल लंगडा झाला,
त्याचा हिशेब अजून बाकी आहे.
चौकट खेचरावर लादून वर चढवली.
खेचराने वाटेत दोनदा बसकण मारली,
तिसऱ्यांदा आम्हीच मारली.

येणारेजाणारे थांबायचे, मान वर करायचे.
म्हातारा सेखोलो काठी टेकून म्हणाला,
घोड्यावरून उतरायचं नाही वाटतं मालकाला?

छपराचं गवत मी शाकारलं,
भिंती बायकांच्या.
शेण, पिवळी माती, राख.
ओल्या गिलाव्यात मासेचाबाने चारी बोटं रुतवून
नांगरटीसारख्या रेघा ओढल्या, आडव्या, मग उभ्या,
बोटं सोलवटली तेव्हा जेवणाचा काटा घेतला.
पहिल्या मोठ्या सरीत धुऊन जाईल हे सगळं, मी म्हटलं.
जाऊ दे की, ती म्हणाली,
धुतलं गेलं म्हणजे वर ऐकू गेलं.

दाराच्या माथ्याला तिचा हात पुरेना.
बादली पालथी घालून चढली,
तरी एक वीत कोरीच राहिली.
ज्याला उंची हवी होती
त्यानेच भरावी, म्हणाली, आणि उतरली.

तो आला शनिवारच्या बसने.
खांद्यावर घोंगडी, हातात एक पेटी,
आणि एक कागद, ज्यावर कंपनीने
त्याच्या फुप्फुसांची किंमत लिहिली होती.
माझ्या आठवणीतला मोत्लात्सी
याच्यापेक्षा चांगला हातभर उंच होता.

मेंढा कापला. ज्वारीच्या दारूचा पहिला घोट
भुईला पाजला, पितरांच्या नावाने.
मग सगळे बाजूला झाले.
तो दारापाशी गेला
आणि वाकला.

चांगला कंबरेत वाकला,
एक हात डोक्यावर, नसलेली टोपी सावरत,
आणि तसाच आत गेला.

कुणी हसलं नाही.
सेखोलो काठीचं टोक न्याहाळत राहिला.
मासेचाबा रांजणावर झाकण ठेवू लागली,
ते आधीच ठेवलेलं होतं.

आतून काही वेळ नुसता श्वास ऐकू आला,
भात्यासारखा.
मग त्याचा आवाज:
अरे गवंड्या! इथे वर अजून जागा आहे!
हात वर केला तरी लागत नाही काही!

दुपारी त्याने तीच बादली पालथी घातली.
उरलेला गिलावा कालवून
कोऱ्या वितीवर बोटं फिरवली.
रेघा काही तिच्याएवढ्या सरळ नाहीत,
खोकला आला तिथे तुटल्यात.
मी गवंडी माणूस, मला ते दिसतंच.
बोललो नाही.

संध्याकाळी वारा सुटला.
ठरल्याप्रमाणे ताठ चालत दारातून आत शिरला,
दिवा विझवला.
कुणीतरी चौकटीवर घोंगडी टांगली,
तिच्या खाली हातभर फट उरली, त्यातून पोरांचे पाय दिसत होते.

घरी पोचल्यावर लक्षात आलं,
माझा ओळंबा तिथेच खुंटीला राहिलाय.
उद्या आणीन.
किंवा सोमवारी.
बैलाचंही बोलायचंच आहे.